घरचं गाणं सांगणारी व्यक्ती

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला लाइव्ह बँड बोलवायचा, हे धाकटीने मला फोनवर सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी तेव्हा फोन खांद्यात धरून एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते, आणि ती तिकडे, विमानानेही अर्धा दिवस लागतो अशा शहरात बसून, मला ऐकवत होती की बँड ठरलाय, हॉल ठरलाय, वेळ दुपारची ठरलीय, "आणि ताई, तू अजिबात दगदग करून घेऊ नकोस."

कॉलर करपली नाही हे त्या गिऱ्हाइकाचं नशीब. बावन्न वर्षांची झाले, तरी या पोरीचा आवाज ऐकला की इस्त्री जरा जास्तच दाबली जाते. सरळच सांगते, मला तिचा मत्सर वाटतो. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, दिसायला उजवी आहे, विमा कंपनीत कसलीशी मोठी साहेब आहे, पण त्यातलं काहीच मला खुपत नाही. दोन वर्षांतून एकदा ती येते, दारात बॅग ठेवते, आणि बाबांचा चेहरा असा काही उजळतो की बघवत नाही. ते खुपतं. मी रोज सकाळी त्यांच्या हातात चहा देते तेव्हा ते म्हणतात, "साखर कमी आहे."

आई गेल्यापासून घर मी बघते आणि लाँड्रीही मीच चालवते. बाबा अजून काउंटरवर बसतात, आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचतात आणि शीळ घालतात. पूर्वी इस्त्री करताना घालायचे, आता बसून घालतात, पण चाल तीच. तिला शब्द नाहीत, नाव नाही, कुठल्या सिनेमातलीही नाही, मी शोधून बघितलंय. थोडी वर चढते, खाली येते, मग एका सुरावर बराच वेळ उभी राहते, आणि आता संपली असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू होते. दुकान उघडं आहे की बंद, हे गिऱ्हाइकं कोपऱ्यावरूनच त्या शिळेवर ओळखतात. त्या चालीवर मी आयुष्यभर शर्टांच्या बाह्या सरळ केल्या. बाकी सगळं धाकटीचं असू दे, ही चाल माझी, असं मी मनाशी धरून चालले होते.

बाकी सगळं म्हणजे काय काय, याची यादी माझ्याजवळ तयार असते. तिला बाबा 'चिमणी' म्हणतात, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला. मला 'ताई' म्हणतात. सख्खा बाप मुलीला ताई म्हणतो, का, तर धाकटी बोलायला लागली आणि ताई म्हणाली. त्याआधी मलाही काहीतरी लाडाने म्हणत असतीलच, पण ते आता मलाही आठवत नाही. दुसरं म्हणजे इस्त्रीचं टेबल. चटका बसेल म्हणून त्या टेबलावर चढायची मला सक्त मनाई होती. धाकटी चार वर्षांची असताना बाबांनी तिला उचलून त्याच टेबलावर बसवलं आणि पोट धरून हसले. मी दोन दिवस जेवले नव्हते. का हसले, काय चाललं होतं, काही म्हणजे काही आठवत नाही. टेबलावरून लोंबणारे तिचे पाय तेवढे अजून दिसतात.

"एक फॉर्म असतो," धाकटी फोनवर पुढे म्हणाली. "हा बँड प्रत्येक कार्यक्रमाला एक घरचं गाणं बसवतो. त्या घरात म्हणतात, बाहेर कुठे वाजत नाही, असं. पण ते कोणीतरी एकानेच सांगायचं, असा त्यांचा नियम आहे. मी माझं नाव घातलंय."

"तुझं?"

"तुला कशाला त्रास, अगं. मी रेकॉर्ड करून पाठवलंय त्यांना. काय ते विचारू नकोस, सांगणार नाही."

मी 'बरं' म्हणाले. माझं बरं म्हणजे काय असतं, हे तिला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँगरला लावलेल्या कोटांच्या मागे उभी राहिले आणि बाबांची शीळ गुपचूप मोबाइलवर घेतली. दुपारी दुकान त्यांच्यावर सोडलं आणि बँडवाल्यांचा पत्ता शोधत गेले.

ते एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गॅरेजमध्ये सराव करत. सरावाच्या वेळी शिकवायची गाडी बाहेर रस्त्यावर लावायची आणि आत ड्रम मांडायचे. भिंतींना आवाज अडवायला जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, त्यातल्या दोघींना धुतल्याशिवाय मी माझ्या दुकानात पाऊलही टाकू दिलं नसतं. बँडचा मुख्य माणूस दिवसा तिथेच गाडी शिकवायचा, म्हणून त्याला सगळे 'सर' म्हणत. तो क्लॅरिनेट वाजवायचा. शिकाऊ माणसाशेजारी बसून जन्म गेल्यामुळे असेल, पण कोणी लय पळवली की त्याचा उजवा पाय ब्रेक मारल्यासारखा आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

"एकाच माणसाने का सांगायचं?" मी विचारलं.

"एका लग्नात दोन मामांनी दोन गाणी सांगितली होती," सर म्हणाले. "आमचा ड्रम फुटला."

त्यांनी फॉर्मची छापील प्रत काढली. 'घरचं गाणं सांगणारी व्यक्ती' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे धाकटीचं नाव.

"हे खोडा. थोरली मी आहे. वडील माझ्याकडे राहतात."

"तुमच्या बहिणीचं रेकॉर्डिंग आलंय. मी अजून ऐकलं नाही, रविवारी सगळे जमलो की ऐकणार होतो."

"ऐकूच नका. पुसून टाका. गाणं मी आणलंय."

सरांनी खिशातलं पेन काढलं. "बहिणीला सांगितलंत?"

"सांगते की." मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, तिचं नाव स्वतःच खोडलं आणि माझं लिहिलं. खोडताना कागद थोडा फाटला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी मोबाइल लावला. आधी वाफेचा फुस्स आवाज, मग बाबांची शीळ. सरांनी ती तीनदा ऐकली, क्लॅरिनेटवर वाजवून बघितली, मध्येच थांबले, पुन्हा वाजवली. कीबोर्डवाल्या मुलीने खाली काही सूर धरून बघितले आणि मान हलवली.

"छान आहे," सर म्हणाले, "पण अर्धं आहे."

"अर्धं कसं? एवढंच आहे ते. मी रोज ऐकते."

"रोज अर्धं ऐकता. दोघं मिळून गातात ना, एक जण वरून मुख्य चाल म्हणतो आणि दुसरा खालून साथ धरतो, त्यातला हा खालचा सूर आहे. आता इथे बघा." त्यांनी शीळ पुढे सरकवली. "इथे तुमचे वडील एका सुरावर नुसते उभे आहेत. उगाच नाही उभं राहत कोणी. तेव्हा वर कोणीतरी काहीतरी म्हणतंय, आणि हे त्याला जागा देतायत."

"वर कोणी नाही."

"असणारच, बाई. आठवून बघा ना, कोण असेल?"

आठवायला काय लागतंय. मला ते टेबल दिसलं आणि लोंबणारे पाय दिसले. म्हणजे मुख्य चाल चिमणीची. बाप-लेकीने दोघांत मिळून एक गाणं केलेलं, ती उडून गेल्यावर बाबा आपला अर्धा वाटा घेऊन बसले, आणि मी मूर्ख, ते उरलंसुरलं माझं समजून छातीशी धरून राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गॅरेजमध्ये तिची एखादी वस्तू असती तर मी फोडली असती.

"आहे तसंच वाजवा," मी म्हणाले.

"रिकामं वाटेल."

"वाटू दे."

सरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. पण नियम त्यांचाच होता, आणि कागदावर नाव माझं होतं.

घरी आल्यावर मी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुम्ही शीळ घालता ती चाल कुठली हो?"

"मी शीळ घालतो?"

"दिवसभर."

"घालत असेन." त्यांनी एका पँटला चिठ्ठी टाचली. "जुनी आहे ती. चिमणी कितीच्या विमानाने येतेय?"

मी पुन्हा विचारलं नाही. धाकटीचे त्या महिन्यात चार फोन आले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ती तिकडून खुर्च्या मोजत होती आणि केकचा रंग ठरवत होती, आणि मी सगळ्याला बरं म्हणत होते. एकदा तिने विचारलं, "बँडवाल्यांचा काही निरोप?" मी म्हटलं, "नाही बाई." तेवढ्यापुरतं जरा टोचलं. पण मग पलीकडून बाबांना फोन दे म्हणाली, आणि फोन कानाला लावल्या लावल्या त्यांचा चेहरा उजळला, आणि माझं टोचणं बंद झालं.

वाढदिवसाच्या दिवशी ती सकाळी उतरली. बाबांचा शर्ट मी आदल्या दिवशी तीनदा इस्त्री केला होता. तिने त्यांना मिठी मारून तो पहिल्या मिनिटाला चुरगळला आणि म्हणाली, "कसले रुबाबदार दिसताय हो. शर्ट कोणी घेतला?"

"इस्त्री मी केलीय," मी म्हणाले.

हॉल पहिल्या मजल्यावर होता, मोठ्या खिडक्यांचा, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. शेजारीपाजारी आले, दुकानाची जुनी गिऱ्हाइकं आली. अर्ध्या लोकांची नावं मला येत नाहीत, पण कोणाची कॉलर कुठे झिजलीय ते सांगू शकते. बँडने सुरुवातीला नाचायची गाणी वाजवली. धाकटी नाचली, तिने बाबांनाही काठीसकट चार पावलं नाचवलं, आणि लोक टाळ्या वाजवून 'ही परदेशातली का' असं एकमेकांना विचारत होते. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले आणि वाट बघत राहिले.

"आता घरचं गाणं," सर माइकवर म्हणाले. "सांगणारी व्यक्ती, थोरली मुलगी."

धाकटीने वळून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून हसले. या एका हसण्यासाठी मी महिनाभर थांबले होते.

सरांनी सुरुवात केली. चाल वर चढली, खाली आली आणि त्या एका सुरावर येऊन उभी राहिली. दुकानात ऐकताना तिथे वाफ असते, रस्ता असतो, गिऱ्हाईक काहीतरी विचारत असतं. हॉलमध्ये तिथे काहीच नव्हतं. कोणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पर्स उघडून त्यात काय आहे ते बघायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला बाबा खुर्चीत ताठ झाले, त्यांनी ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली, पण तीही खालचीच. आता दोघं जण खाली उभे होते आणि वर कोणी नव्हतं. रिकामं वाटेल म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आणि सगळ्यांसमोर सांगून झालं होतं की हे माझं गाणं आहे.

तिसऱ्या खेपेला वरून आवाज आला. बारीक, जरासा कापरा, माझ्या अगदी शेजारून. धाकटी जागची हलली नव्हती, माइककडेही गेली नव्हती. डोळे मिटून ती नुसत्या 'ला ला'वर वरची चाल म्हणत होती, आणि ती चाल बाबांच्या शिळेवर काजात बटण बसावं तशी बसली. त्या उभ्या सुरापाशी तर ती छोट्या छोट्या पायऱ्या चढत वर गेली आणि तिथून अलगद उतरली. सगळा हॉल वळून तिच्याकडे बघायला लागला. पर्सवाल्या बाईने पर्स बंद केली. सरांनी लय सावकाश केली, त्यांचा पाय या खेपेला दाबला गेला नाही.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी तिच्या कानाशी गेले. "झालं समाधान? एवढं एक माझं होतं, तेही घेतलंस."

"मी काय घेतलं?" तिचे डोळे भरलेले होते. "तुझंच आहे ते, ताई."

"टोमणे मारू नकोस."

"टोमणे कसले? दुपारी तू मला दुकानाच्या मागच्या खोलीत थोपटून झोपवायचीस आणि बाहेर जाऊन टेबलापाशी बाबांबरोबर हेच म्हणायचीस. तू वरचं, बाबा खालचं. मला झोपवायचं तेच मुळी त्यासाठी, असं मला वाटायचं. रोज दारामागे उभी राहून मी ते पाठ केलं. तुम्ही दोघांनी मला कधी घेतलं नाहीत." ती नाक पुसत होती आणि थांबत नव्हती. "एकदा मी मध्येच घुसून म्हणायला लागले. बाबा हसले आणि त्यांनी मला टेबलावर बसवलं. तर तू जी रुसलीस ती रुसलीस. मी तेच तर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. तुला परत ऐकायला मिळावं म्हणून. आणि तू माझं नाव खोडलंस ना? अजूनही मला घेत नाहीस तू. किती वर्षं जळतेय मी तुमच्या त्या गाण्यावर, तुला काय माहीत."

जळतेय म्हणाली. ती, माझ्यावर. आठवतंय का, तर तेव्हाही आठवलं नाही. फक्त जिभेला पुढच्या दातांच्या जागी एक मऊ खाच लागल्याचा भास झाला.

तेवढ्यात बाबा काठी टेकत आमच्यापाशी आले. "वाढदिवस माझा आणि भांडताय काय?" मग धाकटीला म्हणाले, "चिमणे, तुला हे अजून येतं, हे मला माहीतच नव्हतं हो." आणि माझ्याकडे वळले. "पण वरची बाजू हिची. हिचे पुढचे दात पडले होते, शीळ वाजायची नाही, म्हणून तोंडाने म्हणायची. मी बोळकी म्हणायचो हिला. दात आले तरी बोळकीच. मग एक दिवस म्हणाली, आता तिच्याबरोबरच म्हणा, मी नाही म्हणणार, आणि मला बोळकी म्हणायचं नाही. मग मी ताई म्हणायला लागलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? लहान पोर, रुसलंय, चार दिवसांत येईल परत, असं वाटलं. मी आपला खालचा सूर धरून राहिलो." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "बोळके, साहेब थांबलेत बघ तिकडे."

सर खरंच थांबले होते. "पूर्ण घ्यायचं का?" त्यांनी माइकवरून विचारलं.

मला नाही म्हणायचं होतं, कारण मला येत नव्हतं. त्रेचाळीस वर्षं खालचं ऐकून वरचं पार पुसलं गेलं होतं. पण बाबांनी दंड सोडला नाही, आणि धाकटी दुसऱ्या बाजूने येऊन माझ्या कानाशी उभी राहिली. बाबांनी शीळ धरली. धाकटी एकेक सुरावट हळूच माझ्या कानात म्हणायची आणि मी तिच्या मागून ती मोठ्याने म्हणायची. माझा आवाज इस्त्रीची वाफ गिळून गिळून जाड झालाय, सूर कुठेतरी बाजूने जात होता, लोक मात्र शहाणे, कोणी खोकलं नाही.

मग ती जागा आली. बाबा त्यांच्या सुरावर उभे राहिले, धाकटीने सांगायला श्वास घेतला, आणि तिच्या आधी माझ्या तोंडून त्या पायऱ्या निघाल्या. एकही न चुकता, वर गेल्या आणि उतरल्या. बाबा शीळ घालता घालताच माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता, बॅग दारात ठेवल्यावर उजळतो तसाच. मला आनंद झाला. इतका झाला की मी तो दाखवायला धाकटीकडे वळले.

ती गप्प झाली होती. तोंडावर हसू होतं, पण डोळे बाबांच्या चेहऱ्यावर होते. ते डोळे मी ओळखले. चहा देताना, फोन बाबांच्या हातात देताना, मी कपाटाच्या आरशासमोरून जाते, तेव्हा ते मला रोज दिसतात.

चाल पुन्हा फिरून सुरू झाली. या खेपेला मला कोणी सांगायची गरज नव्हती, सगळं येत होतं. तरी ती जागा आली तेव्हा मी तोंड मिटलं आणि धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. बाबा त्यांच्या सुरावर थांबले होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणायला सुरुवात केली.